आठ प्रयुक्त, सोळा आकडे : मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संख्याशास्त्राची पायाभरणी

मानसशास्त्र विषय घेऊन पदवीला येणारे बरेचसे विद्यार्थी कला शाखेचे असतात आणि दहावीनंतर त्यांचा गणिताशी संबंध सुटलेला असतो. त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या तासाला टी-मूल्य (दोन सरासरींतील फरक योगायोगाचा मानता येईल का, हे तपासणारा आकडा) काढण्याची वेळ आली, की मागच्या वर्षीचे जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, समोर ठेवून त्यातील पायऱ्यांमध्ये आपले आकडे भरण्याची वाट धरली जाते. उत्तर अनेकदा बरोबरही येते. मात्र हीच कसोटी का लावली, असा प्रश्न तोंडी परीक्षेत आला, की विद्यार्थी गप्प होतो. म्हणून या लेखात एकाच छोट्या प्रात्यक्षिकाचे सोळा आकडे घेऊन ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कागदावर सोडवून दाखवले आहेत. त्यासाठी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढेच यावे लागते. खरा विचार करावा लागतो तो आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी, दोन प्रश्नांची उत्तरे देताना : मिळालेला आकडा कोणत्या जातीचा आहे, आणि ज्यांची तुलना करायची ते दोन्ही प्राप्तांक (मोजून मिळालेले आकडे) त्याच माणसांचे आहेत की वेगवेगळ्या माणसांचे. या दोन प्रश्नांची उत्तरे माहिती गोळा करण्यापूर्वी वहीत लिहून ठेवली, तर पदवीच्या पातळीवरील बहुतेक कसोट्या आपोआप ठरतात.

प्रात्यक्षिक आणि त्याचे आकडे

जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही बहुतेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत केला जातो. शंभर रंगीत चौकोनांचे रंग ओळीने सांगायला त्यांच्या प्रयुक्तांना (प्रयोगात भाग घेणाऱ्या व्यक्तींना) सरासरी ६३.३ सेकंद लागले. पण रंगाचे नाव एक आणि शाई दुसऱ्याच रंगाची, अशा शंभर शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०.३ सेकंद लागले. वाचनाची सवय इतकी मुरलेली असते, की शब्द वाचायचा नाही असे ठरवूनही तो वाचला जातो आणि शाईचा रंग सांगण्याच्या आड येतो.

हाच प्रयोग मराठीतून करण्यासाठी दोन कार्डे तयार करावीत. पहिल्या कार्डावर लाल, निळे, हिरवे आणि काळे असे ५० चौकोन असावेत. दुसऱ्या कार्डावर ‘लाल’, ‘निळा’, ‘हिरवा’, ‘काळा’ हे शब्द मिळून ५० वेळा छापावेत, मात्र कोणत्याही शब्दाची शाई त्या शब्दाने सांगितलेल्या रंगाची असू नये. पिवळा रंग टाळावा, कारण पांढऱ्या कागदावर तो नीट दिसत नाही आणि मग वाढलेला वेळ शब्दामुळे वाढला की अंधुक शाईमुळे, हे सांगता येत नाही. आठ प्रयुक्तांपैकी चौघांना आधी चौकोनांचे कार्ड द्यावे आणि चौघांना आधी शब्दांचे. सर्वांनी चौकोनच आधी केले, तर सरावाचा किंवा थकव्याचा परिणाम शब्दांच्या कार्डात मिसळतो. तो दोन्ही कार्डांवर सारखा वाटला जावा म्हणून केलेल्या या व्यवस्थेला प्रतिसंतुलन म्हणतात. तेथे झालेली चूक नंतर कोणत्याही सूत्राने दुरुस्त होत नाही.

खालील आकडे केवळ समजावण्यासाठी रचलेले आहेत, प्रत्यक्ष प्रयोगातील नाहीत. आठ प्रयुक्तांना लागलेला वेळ सेकंदांत, त्याच क्रमाने, असा आहे :

चौकोनांचे कार्ड : ३०, ३४, २८, ३६, ३२, ३१, ३५, ३०
शब्दांचे कार्ड : ३६, ४९, ३७, ५७, ४४, ३५, ५३, ४१

आकडा कोणत्या जातीचा

एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मापनाच्या चार पातळ्या मांडल्या आणि मानसशास्त्राने त्या कायमच्या स्वीकारल्या. नामदर्शक पातळीवर आकडा फक्त ओळख पटवण्यापुरता असतो : वसतिगृहात राहणाऱ्यांना १ आणि घरी राहणाऱ्यांना २ असे क्रमांक दिले, म्हणून दुसरे पहिल्यांच्या दुप्पट होत नाहीत. क्रमदर्शक पातळीवर पुढे-मागे कळते, पण अंतर कळत नाही. शर्यतीतील पहिला आणि दुसरा यांच्यात एका पावलाचे अंतर असेल किंवा अर्ध्या मैदानाचे. अंतरदर्शक पातळीवर अंतरे समान असतात, परंतु शून्य हे खरे शून्य नसते, म्हणूनच ४० अंश सेल्सिअस तापमान २० अंशांच्या दुप्पट उष्ण असते असे म्हणता येत नाही. गुणोत्तर पातळीवर शून्य खरे असते. आपल्या प्रात्यक्षिकातील सेकंद या शेवटच्या जातीचे आहेत, त्यामुळे त्यांची सरासरी काढणे, वजाबाकी करणे, ‘दीडपट वेळ लागला’ असे म्हणणे, हे सर्व अर्थपूर्ण ठरते.

खरा पेच पडतो तो ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंतच्या पाच पर्यायांच्या प्रश्नावलीत. एका विधानाला दिलेले उत्तर काटेकोरपणे पाहिले तर क्रमदर्शकच असते, कारण ‘सहमत’ आणि ‘पूर्णपणे सहमत’ यांतील अंतर हे ‘तटस्थ’ आणि ‘सहमत’ यांतील अंतराइतकेच आहे, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. तरीही वीस-पंचवीस विधानांची बेरीज करून मिळणारा एकूण प्राप्तांक अंतरदर्शक मानून त्याचे मध्यमान काढण्याचा प्रघात आहे, आणि प्रश्नावली नीट प्रमाणित केलेली असेल तर तो मला मान्य आहे. एकेका विधानाचे मध्यमान काढून ‘तिसऱ्या विधानावर मुलींचे मध्यमान ३.४२ आणि मुलांचे ३.३७’ असे निष्कर्ष काढणे मात्र विद्यार्थ्यांनी टाळावे. तेथे किती जणांनी कोणता पर्याय निवडला, हे थेट सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरते.

आधी आकड्यांचे वर्णन करावे

कसोटीकडे धाव घेण्यापूर्वी आकडे पाहावेत. चौकोनांच्या कार्डाच्या आठ प्राप्तांकांची बेरीज २५६ होते, तिला ८ ने भागले की ३२ हे मध्यमान मिळते. वर्गात आपण सर्रास ‘मीन’ म्हणतो ते हेच. तेच प्राप्तांक चढत्या क्रमाने लावले तर २८, ३०, ३०, ३१, ३२, ३४, ३५, ३६ असे दिसतात. मधले दोन ३१ आणि ३२ आहेत, म्हणून मध्यांक ३१.५ येतो. मध्यमान आणि मध्यांक इतके जवळ असणे हे आकडे दोन्ही बाजूंना साधारण सारखे पसरले असल्याचे चिन्ह आहे.

आता अशी कल्पना करावी, की आठव्या प्रयुक्ताचा मोबाइल मध्येच वाजला आणि त्याला ३० ऐवजी ६२ सेकंद लागले. मध्यमान एकदम ३६ वर जाते, आणि आठपैकी सात जण मध्यमानाइतके किंवा त्याहून कमी निघतात. म्हणजे जी सरासरी आपण सर्वांची म्हणून सांगणार, ती जवळजवळ कोणाचीच राहत नाही. मध्यांक मात्र ३१.५ वरून ३३ पर्यंतच सरकतो. प्रतिक्रियाकाळाच्या प्रयोगांत असे एक-दोन लांबलेले प्राप्तांक हमखास येतात, म्हणून तेथे मध्यांक सोबत देण्याची सवय लावून घ्यावी. असा प्राप्तांक वगळायचा असेल, तर तो कोणत्या कारणाने वगळला जाईल याचा नियम प्रयोगापूर्वी ठरवावा आणि अहवालात सांगावा. उत्तर पाहून गैरसोयीचा आकडा काढून टाकणे ही लबाडीच असते, मग ती नकळत घडलेली का असेना.

मध्यमानाबरोबर पसरण सांगितली नाही, तर माहिती अर्धवट राहते. त्यासाठीचे प्रमाण विचलन पुढीलप्रमाणे काढावे. प्रत्येक प्राप्तांकातून मध्यमान वजा करावे : −२, २, −४, ४, ०, −१, ३, −२. यांची बेरीज शून्य येते आणि ती नेहमीच शून्य यायला हवी. येत नसेल तर मागे जाऊन चूक शोधावी. बेरीज शून्य येत असल्यामुळे या विचलनांची नुसती सरासरी निरुपयोगी असते, म्हणून त्यांचे वर्ग करतात : ४, ४, १६, १६, ०, १, ९, ४. वर्गांची बेरीज ५४. तिला ७ ने भागल्यावर विचरण ७.७१ येते आणि त्याचे वर्गमूळ २.७८ सेकंद हे प्रमाण विचलन.

प्रयुक्त आठ असताना भागाकार सातने का, हा प्रश्न प्रत्येक वर्गात विचारला जातो आणि त्याचे उत्तर वरच्याच ओळीत दडलेले आहे. आठ विचलनांची बेरीज शून्य असल्याने पहिली सात माहीत झाली, की आठवे आपोआप ठरते. त्याला स्वतःचे काही सांगण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. स्वतंत्र माहितीचे तुकडे सातच आहेत आणि त्यांनाच स्वाधीनता मात्रा म्हणतात. शिवाय विचलने खऱ्या समष्टीच्या, म्हणजे ज्या सर्व लोकांतून हे आठ जण घेतले त्यांच्या, मध्यमानापासून न मोजता याच आठ जणांच्या मध्यमानापासून मोजल्यामुळे ती थोडी कमी भरतात. सातने भागल्याने ती उणीव भरून निघते. शब्दांच्या कार्डासाठी हीच रीत वापरली तर मध्यमान ४४, वर्गांची बेरीज ४७८ आणि प्रमाण विचलन ८.२६ येते. शब्दांनी वेळ वाढवला आहे आणि माणसामाणसांतील तफावतही वाढवली आहे, ही गोष्ट अहवालातील चर्चेत यायला हवी. नुसत्या टी-मूल्यावर नजर ठेवणाऱ्याला ती दिसतच नाही.

प्रमाण विचलनाचा दुसरा उपयोग वैयक्तिक प्राप्तांक समजून घेण्यासाठी होतो. प्राप्तांकातून मध्यमान वजा करून प्रमाण विचलनाने भागले की झेड प्राप्तांक मिळतो. मध्यमान १०० आणि प्रमाण विचलन १५ असलेल्या बुद्धिमापन चाचणीत १३० हा प्राप्तांक मध्यमानाच्या वर दोन प्रमाण विचलने येतो. प्रसामान्य वक्रात (मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना सारखा उतरणारा घंटेसारखा आलेख) मध्यमानाच्या दोन्ही बाजूंना एकेका प्रमाण विचलनात सुमारे ६८ टक्के आणि दोन-दोन प्रमाण विचलनांत सुमारे ९५ टक्के व्यक्ती असतात. त्यामुळे १३० च्या वर साधारण २ टक्केच व्यक्ती उरतात.

नाणेफेकीपासून टी-मूल्यापर्यंत

आता दुसरा प्रश्न : दोन्ही कार्डांचे प्राप्तांक त्याच आठ माणसांचे आहेत. म्हणून प्रत्येकाचा स्वतःशीच फरक काढता येतो. शब्दांच्या वेळातून चौकोनांचा वेळ वजा करून मिळणारे फरक असे : ६, १५, ९, २१, १२, ४, १८, ११. आठही फरक धन आहेत.

टी-कसोटीपूर्वी येथेच क्षणभर थांबावे, कारण सार्थकतेची, म्हणजे फरक केवळ योगायोगाचा मानता येत नाही असे म्हणण्याची, सगळी कल्पना या आठ धन चिन्हांतून समजते. शब्दांचा काहीच परिणाम होत नाही असे घटकाभर धरले, तर एखाद्याला कोणत्या कार्डाला जास्त वेळ लागेल हे नाणेफेकीसारखे होईल. नाणे आठ वेळा उडवल्यावर एकूण २५६ प्रकारचे निकाल संभवतात. त्यांतील एकात आठही छापे पडतात आणि एकात आठही काटे. म्हणजे इतका एकतर्फी निकाल केवळ योगायोगाने मिळण्याची संभाव्यता २५६ पैकी २, अर्थात सुमारे ०.००८ आहे. ‘परिणाम नाही’ हे गृहीत म्हणजे शून्य परिकल्पना, आणि ती खरी धरल्यास आपल्याला मिळाला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य. या साध्या कसोटीला चिन्ह कसोटी म्हणतात. जॉन आर्बथनॉट यांनी १७१० साली लंडनमधील बाप्तिस्म्याच्या ८२ वर्षांच्या नोंदी तपासल्या. दर वर्षी मुलांची संख्या मुलींपेक्षा जास्त होती. हे योगायोगाने घडणे अशक्यप्राय आहे, हे दाखवण्यासाठी त्यांनी हाच तर्क वापरला होता.

चिन्ह कसोटी फरकाची दिशा पाहते, आकार पाहत नाही; २१ सेकंदांचा फरक आणि ४ सेकंदांचा फरक तिच्या लेखी सारखेच. आकारही हिशेबात घ्यायचा असेल तर टी-कसोटी लागते. विल्यम सीली गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करत असताना त्यांना बार्लीच्या अगदी थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढावे लागत. त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखातून लहान नमुन्यांसाठीचे हे गणित आले, आणि आपला नमुना तर आठच जणांचा आहे.

फरकांची बेरीज ९६, मध्यमान १२. विचलने −६, ३, −३, ९, ०, −८, ६, −१. त्यांच्या वर्गांची बेरीज २३६. सातने भागून वर्गमूळ घेतल्यावर फरकांचे प्रमाण विचलन ५.८१. आता याला प्रयुक्तांच्या संख्येच्या वर्गमूळाने, म्हणजे २.८३ ने भागावे, २.०५ ही प्रमाण त्रुटी मिळते. पुन्हा वेगळे आठ प्रयुक्त घेतले असते तर १२ हे मध्यमान साधारण किती इकडेतिकडे सरकले असते, याचा हा अंदाज आहे. मध्यमान फरकाला प्रमाण त्रुटीने भागले की टी-मूल्य ५.८५. थोडक्यात, आढळलेला फरक हा योगायोगाने अपेक्षित असलेल्या हालचालीच्या जवळजवळ सहापट आहे. स्वाधीनता मात्रा ७ असताना तक्त्यात ०.०५ पातळीसाठी (पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी येण्यासाठी) २.३६५ आणि ०.०१ पातळीसाठी ३.४९९ हे मूल्य दिलेले असते. आपले मूल्य दोन्हींपेक्षा मोठे आहे, म्हणून शून्य परिकल्पना फेटाळावी.

जर्नले तपासताना मला सर्वाधिक आढळलेली चूक आता सांगतो. त्याच माणसांचे दोन प्राप्तांक असताना विद्यार्थी दोन स्वतंत्र गटांची टी-कसोटी लावतात, कारण आदल्या प्रात्यक्षिकात ती शिकवलेली असते. आपल्या आकड्यांना ती लावून पाहावी : दोन्ही वर्गांच्या बेरजा मिळून ५३२, त्याला १४ ने (दोन्ही गटांच्या सात-सात स्वाधीनता मात्रा) भागल्यावर ३८, दोन्ही गटांसाठी ३८ भागिले ८ काढून बेरीज ९.५, तिचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण त्रुटी ३.०८ आणि टी-मूल्य ३.८९. फरक तोच १२ सेकंदांचा, पण टी-मूल्य ५.८५ वरून ३.८९ पर्यंत घसरले. याचे कारण असे, की काही माणसे मुळातच संथ आणि काही चपळ असतात; प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच केली की ही जन्मजात तफावत वजाबाकीत निघून जाते, आणि स्वतंत्र गट मानले की ती त्रुटीमध्ये राहून जाते. येथे नशिबाने दोन्ही उत्तरे सार्थक आली, परंतु परिणाम लहान असता, तर चुकीच्या कसोटीने तो हातचा गेला असता.

टी-कसोटीसाठी फरकांचे वितरण साधारण प्रसामान्य असावे लागते. ते फारच तिरपे असेल किंवा प्राप्तांक क्रमदर्शक असतील, तर विल्कॉक्सन यांची चिन्हांकित क्रम कसोटी वापरावी, आणि गट स्वतंत्र असतील तर मान-व्हिटनी कसोटी.

सार्थकतेचा अर्थ किती

पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी आले, म्हणजे शून्य परिकल्पना खोटी असण्याची शक्यता ९५ टक्के आहे, असे अनेक जर्नलांत लिहिलेले असते. ते चूक आहे. पी-मूल्य शून्य परिकल्पना खरी धरूनच काढलेले असते. त्यामुळे ती खरी असण्याची शक्यता किती, हे ते सांगू शकत नाही. या गैरसमजांमुळे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली स्वतंत्र निवेदन काढावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध संशोधने पुन्हा करून पाहण्याच्या एका मोठ्या प्रकल्पाचे निकाल आले होते : मूळ संशोधनांपैकी ९७ टक्क्यांत सार्थक निष्कर्ष होते, पुनरावृत्तीत मात्र ते ३६ टक्क्यांतच मिळाले. लहान नमुने आणि सार्थक निकालच प्रसिद्ध करण्याची प्रवृत्ती यांचा यात मोठा वाटा मानला जातो. आपल्या विषयावरील लोकांचा विश्वास या गोष्टींवर अवलंबून असल्यामुळे विद्यार्थिदशेतच दोन सवयी लावून घ्याव्यात.

पहिली सवय म्हणजे विश्वास मर्यादा देण्याची. २.३६५ गुणिले २.०५ म्हणजे ४.८५; ते १२ मध्ये मिळवून आणि त्यातून वजा करून सुमारे ७.१ ते १६.९ सेकंद ही ९५ टक्के विश्वास मर्यादा मिळते. परिणाम आहे एवढेच न सांगता तो साधारण केवढा असू शकतो, हे ती सांगते. दुसरी सवय परिणामाचा आकार देण्याची. मध्यमान फरक १२ भागिले फरकांचे प्रमाण विचलन ५.८१, म्हणजे २.०७. जेकब कोहेन यांनी ०.२ लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठा असे ढोबळ टप्पे दिले आहेत, पण ते प्रामुख्याने दोन गटांच्या सामाईक प्रमाण विचलनाने भागलेल्या आकारासाठी आहेत. तसा भागाकार केला (मघाच्या ३८ चे वर्गमूळ ६.१६), तर आपला आकार १.९५ येतो. म्हणून कोणत्या प्रमाण विचलनाने भागले, हे नेहमी लिहावे.

संबंध शोधायचा असेल तर

चौकोनांना जास्त वेळ घेणारे प्रयुक्त शब्दांनाही जास्त वेळ घेतात का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी सहसंबंध लागतो. दोन्ही कार्डांची विचलने जोडीने गुणावीत; उदाहरणार्थ, पहिल्या प्रयुक्ताचे −२ गुणिले −८ म्हणजे १६. आठही गुणाकारांची बेरीज १४८ येते. ५४ गुणिले ४७८ याचे वर्गमूळ १६०.६६. पहिल्या संख्येला दुसरीने भागले की पिअर्सन यांचा सहसंबंध गुणांक ०.९२ मिळतो. आठ प्रयुक्तांसाठी ०.०५ पातळीला ०.७०७ पुरेसा असतो, त्यामुळे हा संबंध सार्थक आहे. जोडीच्या टी-कसोटीने एवढा फायदा का दिला, तेही याच गुणांकावरून कळते. प्राप्तांक क्रमवारीच्या स्वरूपात असतील तर स्पिअरमन यांचा क्रमांतर सहसंबंध वापरावा. चार्ल्स स्पिअरमन स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि १९०४ साली त्यांनी सहसंबंधावर केलेले काम बुद्धिमत्तेच्या अभ्यासाशी जोडलेलेच होते.

सहसंबंध काढण्याआधी आलेख कागदावर काढावा, याचा मी आग्रह धरतो. फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ साली चार आकडेसंच तयार केले. चारही संचांत मध्यमाने, विचरणे आणि सुमारे ०.८२ हा सहसंबंध जवळजवळ सारखाच आहे. पण आलेख काढल्यावर एकात साधी सरळ दिशा दिसते, दुसऱ्यात स्पष्ट वक्र दिसतो, तिसऱ्यात एकच बिंदू सरळ रेषेला वाकडी करतो आणि चौथ्यात तर एका बिंदूवाचून संबंधच उरत नाही. पन्नास बिंदू मांडायला पंधरा मिनिटे लागतात आणि ती सत्कारणी लागतात. आपल्याकडचा आणखी एक धोका म्हणजे मर्यादित व्याप्तीचा : गुणवत्ता यादीने प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयात सर्वांचेच गुण ८५ ते ९५ टक्क्यांत असतात, आणि तेथे अभ्यासाची सवय व गुण यांचा सहसंबंध नगण्य येतो, एरवी तो चांगला असला तरी.

मोजदाद असेल तर काय-वर्ग

प्राप्तांक नसून नुसत्या माणसांच्या संख्या असतील, तर कार्ल पिअर्सन यांची १९०० सालची काय-वर्ग कसोटी लावावी. समजा, वसतिगृहातील ४० आणि घरी राहणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना अभ्यासाला रात्र बरी की पहाट, असे विचारले. वसतिगृहातील २६ जणांनी रात्र आणि १४ जणांनी पहाट सांगितली. घरी राहणाऱ्यांपैकी १६ जणांनी रात्र आणि २४ जणांनी पहाट. रात्रीच्या बाजूने एकूण ४२ आहेत, म्हणून राहण्याच्या जागेचा संबंध नसता तर दोन्ही गटांत रात्रीचे २१-२१ आणि पहाटेचे १९-१९ अपेक्षित होते. या चारही घरांत, म्हणजे तक्त्याच्या चौकटींत, मिळालेल्या आणि अपेक्षित संख्यांतील फरक ५ चा आहे. प्रत्येक घरात फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित संख्या काढून बेरीज केली की ५.०१ येते, स्वाधीनता मात्रा १ साठी ०.०५ पातळीला ३.८४ लागतात, म्हणून संबंध सार्थक आहे. या कसोटीत टक्केवारी कधीही घालू नये, मूळ संख्याच घालाव्यात; एक माणूस एकाच घरात मोजावा; आणि एखाद्या घराची अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असेल, तर फिशर यांची अचूक कसोटी घ्यावी.

तीन किंवा अधिक गटांच्या मध्यमानांची तुलना करायची असेल, तर दोन-दोनांच्या टी-कसोट्या करत बसू नये. ०.०५ पातळीच्या तीन स्वतंत्र कसोट्यांत निदान एकदा खोटा फरक सापडण्याची संभाव्यता १४ टक्क्यांपर्यंत जाते. त्यासाठी रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांवर काम करताना विकसित केलेले विचरण विश्लेषण वापरावे, आणि त्यातून मिळणारे एफ-मूल्य सार्थक आले तरच कोणते गट वेगळे, हे पाहणारी पुढची कसोटी करावी.

अहवालात लिहिणे आणि संगणकावर पडताळणे

निकालाचे वाक्य संपूर्ण असावे. आपल्या प्रात्यक्षिकासाठी ते असे लिहिता येईल : ‘विसंगत शब्दांच्या शाईचा रंग सांगायला लागलेला वेळ (मध्यमान ४४.००, प्रमाण विचलन ८.२६) हा चौकोनांचा रंग सांगायला लागलेल्या वेळापेक्षा (मध्यमान ३२.००, प्रमाण विचलन २.७८) सरासरी १२ सेकंदांनी जास्त होता, हा फरक सार्थक आहे, स्वाधीनता मात्रा ७, टी-मूल्य ५.८५, पी-मूल्य ०.००१ पेक्षा कमी, ९५ टक्के विश्वास मर्यादा ७.१ ते १६.९ सेकंद.’ एसपीएसएस या संख्याशास्त्रीय आज्ञावलीच्या जुन्या आवृत्त्या पी-मूल्य .००० असे दाखवतात, ते तसेच उतरवू नये. पी-मूल्य शून्य कधीच नसते.

हाताने एकदा सोडवून झाले, की तेच सोळा आकडे जामोवी किंवा जास्प यांसारख्या मोफत आज्ञावलीत भरावेत. एका प्रयुक्ताची एक आडवी ओळ आणि दोन कार्डांचे दोन उभे स्तंभ, अशी मांडणी करावी आणि जोडीच्या नमुन्यांची टी-कसोटी निवडावी. उत्तर ५.८५ आले तर सर्व नीट झाले, उणे ५.८५ आले तर स्तंभांचा क्रम उलटा आहे, बाकी चिंता नाही. ३.८९ दिसले, तर कसोटी निवडताना चुकून स्वतंत्र गटांची निवड झाली आहे. आणि एक्सेलमध्ये चौकोनांचे प्रमाण विचलन २.७८ ऐवजी २.६० आले, तर सातच्या जागी आठने भागणारे सूत्र वापरले गेले आहे.